कुळागरातल्या अंगणातून आकाशनिरीक्षणाची सुरुवात कशी करावी?

कुळागरवासी (फोंडा तालुका)

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आजोळी, म्हणजे वाळपईच्या पलीकडच्या एका गावी गेली होती. तिथे एका रात्री वीज गेली आणि तिने पहिल्यांदाच चांदण्यांनी गच्च भरलेले आकाश पाहिले. परत आल्यापासून रोज जेवणे झाली की ती अंगणात जाऊन उभी राहते आणि ‘आई, हा कोणता तारा?’ असे विचारते. मला सप्तर्षी आणि ध्रुव या दोन नावांपलीकडे काही ठाऊक नाही आणि खरे सांगायचे तर तेही बोट दाखवून ओळखता येत नाहीत.

आमचे घर कुळागरात आहे. चारही बाजूंना पोफळी आणि माड असल्यामुळे क्षितिज कोणत्याच दिशेला दिसत नाही. डोक्यावर मात्र आकाशाचा एक बऱ्यापैकी मोठा तुकडा मोकळा राहतो. एवढ्या तुकड्यातून काही पाहण्यासारखे दिसते का, की दर वेळी तिला घेऊन किनाऱ्यावर किंवा सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळी पठारावर, जावे लागेल? तिच्या वडिलांनी ऑनलाइन एक दुर्बीण पाहून ठेवली आहे. किंमत सात हजारांच्या आसपास आहे आणि ‘५२५ पट मोठे दाखवते’ असे खोक्यावर छापलेले आहे. ती घ्यावी का? शेवटचा प्रश्न कदाचित हास्यास्पद वाटेल, पण सासूबाई ‘मृग लागला’, ‘आर्द्रा लागल्या’ असे पावसाळ्यात म्हणतात, ती नक्षत्रे आणि आकाशात दिसणारे तारे यांचा काही संबंध आहे का? असल्यास ते तारे जूनमध्ये पाहायचे असतात का?

डिचोलीचा मास्तर

ताई, शेवटचा प्रश्न मुळीच हास्यास्पद नाही. उलट तुमच्या घरात आकाश शिकण्याचे जे सर्वांत चांगले साधन आधीपासून आहे, त्याच्यावरच तुम्ही बोट ठेवले आहे. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. माझा अनुभव असा की नक्षत्रांची नावे मुलांना घरातूनच ठाऊक असतात, पण ती नावे आणि वरचे ठिपके यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते.

आधी तुमच्या आकाशाच्या तुकड्याविषयी सांगतो. गोव्याचा अक्षांश साधारण साडेपंधरा अंश उत्तर आहे. पृथ्वीप्रमाणे आकाशातही एक विषुववृत्त कल्पिलेले असते, आणि त्याच्या उत्तरेला साडेपंधरा अंशांच्या जवळपास असलेला प्रत्येक तारा चोवीस तासांत एकदा आपल्या बरोबर डोक्यावरून जातो. आपले नशीब असे की रोहिणी हा तांबूस, तेजस्वी तारा नेमका याच पट्ट्यात, साडेसोळा अंशांवर आहे. तो तुमच्या अंगणाच्या माथ्यापासून जेमतेम एका अंशावरून सरकतो. म्हणजे कुळागरात राहणाऱ्या माणसाला क्षितिज नसले, तरी रोहिणी मात्र त्याची हक्काची आहे. शिवाय दसऱ्याच्या सुमारास संध्याकाळी सातच्या आसपास श्रवण, एप्रिलच्या सुरुवातीस रात्री साडेनऊला मघा आणि एप्रिलच्या अखेरीस मध्यरात्रीनंतर स्वाती, हे तिन्ही तारे माथ्याच्या जवळूनच जातात. उंचावरच्या ताऱ्यांचा प्रकाश हवेच्या पातळ थरातून येत असल्यामुळे ते कमी लुकलुकतात आणि अधिक स्वच्छ दिसतात. किनाऱ्यावर उभे राहून क्षितिजाजवळच्या धुरकट पट्ट्यात तारे शोधणाऱ्यांना हे सुख मिळत नाही.

सध्या नोव्हेंबरचा शेवट आहे. रात्री नऊला रोहिणी पूर्वेकडे अर्ध्या उंचीच्या जराशी खाली असेल, म्हणजे तुमच्या पोफळींच्या मागे असू शकेल. साडेबाराच्या सुमारास ती माथ्यावर येईल. एवढे जागण्याची गरज नाही. कोणताही तारा रोज जवळजवळ चार मिनिटे लवकर उगवतो, म्हणून महिन्याभरात तोच देखावा दोन तास अलीकडे येतो आणि जानेवारीच्या मध्यास रोहिणी साडेनऊलाच डोक्यावर असते. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकते, त्याचा हा परिणाम आहे. हे वाक्य मुलीला आत्ता समजावत बसू नका. तिला एक वही द्या आणि एकाच ताऱ्याची वेळ टिपून ठेवायला सांगा. नियम तिलाच सापडला, तर तो ती जन्मात विसरणार नाही.

आता सासूबाईंची नक्षत्रे. आकाशात सूर्य आणि चंद्र ज्या वाटेने फिरताना दिसतात, त्या वाटेचे पूर्वजांनी सत्तावीस समान भाग केले आणि प्रत्येक भागाला तिथल्या एखाद्या ताऱ्याचे किंवा तारकापुंजाचे नाव दिले. ‘मृग लागला’ याचा अर्थ सूर्य मृगाच्या भागात आला, एवढाच आहे. ही घटना दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास घडते आणि सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो. पण सूर्यच तिथे असल्यामुळे मृगाचे तारे तेव्हा दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात, त्यामुळे मळब नसले तरी ते दिसणार नाहीत. ज्या मृगाच्या नावाने आपल्याकडे पेरणीची लगबग सुरू होते, तो मृग डोळ्यांनी पाहायचा, तर सहा महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाहावा लागतो. माझ्या वर्गातली मुले दर वर्षी याच वाक्यावर थबकत.

चंद्राचा हिशेब याच्या उलट आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो आणि त्या रात्री तो ज्या नक्षत्राजवळ असेल, त्यावरून महिन्याचे नाव पडले आहे: कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, पुष्यावरून पौष, मघांवरून माघ, चित्रेवरून चैत्र. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, तेव्हा गर्दीतला एकही माणूस वर पाहत नाही. पण त्या रात्री चंद्र कृत्तिकांच्या आसपासच असतो. येत्या दत्तजयंतीला तो मृगशीर्षाजवळ असेल. तेव्हा भिंतीवरची दिनदर्शिका काढून मुलीला तिथी, चंद्रोदयाची वेळ आणि रोजचे नक्षत्र वाचायला शिकवा. राशिभविष्याचा भाग सोडून द्या, त्याचा या विद्येशी काही संबंध नाही. बाकीचे पान म्हणजे आकाशाचे वेळापत्रकच आहे.

अंतरे मोजण्यासाठी हात पुरेसा आहे. हात सरळ ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते आणि करंगळी एक अंश. क्षितिजापासून माथ्यापर्यंत नऊ मुठी भरतात. मुलीला एकदा पौर्णिमेचा चंद्र करंगळीने झाकायला सांगा: तो अर्ध्या करंगळीतच मावतो, हे पाहिल्याशिवाय कोणाला खरे वाटत नाही. ध्रुव तुमच्याकडून उत्तर क्षितिजाच्या वर जेमतेम दीड मूठ असतो, म्हणजे तुमच्या माडांच्या बुंध्यांमागे लपलेला. तो आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे, असा अनेकांचा समज असतो, पण तो मध्यम तेजाचा एक साधा तारा आहे. त्याचे मोठेपण जागा न सोडण्यात आहे. सप्तर्षींचे म्हणाल, तर गोव्यातून ते बाराही महिने रात्रभर दिसत नाहीत. या दिवसांत ते पहाटेशिवाय वर येत नाहीत आणि संध्याकाळी त्यांच्या जागी उत्तरेकडे शर्मिष्ठा या तारकासमूहाचे पाच तारे, इंग्रजी एम अक्षरासारखे, पाच मुठींपेक्षा थोडे खाली टांगलेले असतात.

दुर्बिणीविषयी जाणकारांनी लिहावे. माझे मत विचाराल, तर पहिला हंगाम नुसत्या डोळ्यांचा असावा.

द्विनेत्रीवाला, मडगाव

मास्तरांनी दुर्बिणीचा विषय माझ्यासारख्यांवर सोपवला आहे, म्हणून अंगावर आलेला अनुभवच सांगतो. दहा वर्षांपूर्वी मीही नेमकी अशीच, ५२५ पट लिहिलेली दुर्बीण मागवली होती. पहिल्या रात्री चंद्र दिसला, सगळे घर खूश झाले, आणि त्यानंतर ती तिच्या थरथरत्या तिपाईसकट माळ्यावर गेली ती गेलीच.

५२५ हा आकडा कुठून येतो, हे एकदा समजले की अशा खोक्यांची भुरळ पडत नाही. वस्तुभिंगाचे, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचे, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) ७०० मिलिमीटर असते. सोबत ४ मिलिमीटरची एक नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचे भिंग, दिलेली असते, आणि ७०० भागिले ४ म्हणजे १७५. वर तीनपट करणारे एक भिंग दिलेले असते, म्हणून १७५ गुणिले ३ बरोबर ५२५. गणितात चूक नाही, पण वस्तुभिंगाचा व्यास फक्त ६० मिलिमीटर आहे. दुर्बीण व्यासाच्या दुपटीपर्यंत, म्हणजे इथे फार तर १२० पटींपर्यंत, कामाची प्रतिमा देते. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तिच्यात नवे काहीच दिसत नाही. धूसर ठिपक्याचा मोठा धूसर ठिपका होतो, एवढेच. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे एवढ्या पटींवर शनी पंधरा-वीस सेकंदांत दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जातो आणि स्क्रूला हात लावला की तिपाई अशी हलते की तो पुन्हा सापडतच नाही. दुर्बिणीत आधी व्यास पाहावा, मग तिची बैठक किती स्थिर आहे ते पाहावे. पटींचा आकडा सगळ्यांत शेवटी येतो.

त्याच पैशांत, बहुधा त्याहून कमी पैशांत, १० गुणिले ५० मापाची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, मिळते. पहिला आकडा पटींचा आणि दुसरा भिंगाच्या व्यासाचा असतो. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, तर या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर आहे. म्हणजे नुसत्या डोळ्यापेक्षा सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा होतो. दोन्ही डोळ्यांनी पाहता येते, चित्र सरळ दिसते आणि एका वेळी सहा-साडेसहा अंश आकाश दिसत असल्यामुळे हवी ती वस्तू सापडते. मुलीचे हात लहान असतील, तर ७ गुणिले ५० बरी, कारण कमी पटींमुळे हाताची थरथर कमी जाणवते. उभे राहून पाहू नका. तुमच्याकडे माथ्यावरचेच आकाश आहे, तेव्हा अंगणात चटई किंवा आरामखुर्ची टाकावी आणि द्विनेत्रीची टोके डोळ्यांच्या खोबणीवर अलगद टेकवावीत. डासांचा बंदोबस्त मात्र आधी करावा. कुळागरातल्या डासांना खगोलशास्त्राविषयी कसलीही आस्था नसते.

पहिल्या काही रात्रींसाठी तीन वस्तू पुरे. कृत्तिकांचा पुंज नुसत्या डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा दिसतो. द्विनेत्रीतून तिथे काळ्या पाटावर रांगोळीचे कण सांडल्यासारखे अनेक तारे दिसतात. मृगाच्या मधोमध तीन तारे एका ओळीत आहेत, ते व्याधाने मारलेल्या बाणाचे त्रिकांड. त्या बाणाच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची एक लहान उभी रांग आहे आणि तिच्यातला मधला तारा पुसट, वाफ धरल्यासारखा दिसतो. तो तारा नाही, वायूचा प्रचंड मेघ आहे. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरच्या त्या मेघात आजही तारे जन्मत आहेत. तिसरी वस्तू देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक प्रचंड समूह. सध्या ती रात्री साडेआठ-नऊला माथ्याच्या उत्तरेला सुमारे अडीच मुठींवर असते, म्हणजे तुमच्या तुकड्यात ती यायला हरकत नाही. ती लांबट धुक्याच्या डागासारखी दिसेल आणि मुलगी कदाचित ‘एवढेच?’ असे म्हणेल. तेव्हा तिला सांगा की हा प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षे झाली आहेत. रोहिणीचे अंतर सुमारे ६५ प्रकाशवर्षे आहे. तुम्ही आज रात्री पाहाल तो तिचा प्रकाश साधारण गोवा मुक्त झाला त्या सुमारास निघालेला आहे.

चंद्र पाहायचा तर पौर्णिमेला पाहू नये. तेव्हा तिथे भर दुपार असते आणि सावल्या पडत नाहीत. शुद्ध पंचमीपासून दशमीपर्यंत उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात. गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिले होते. द्विनेत्री खांबाला टेकवून स्थिर धरली, तर ते तुम्हालाही गुरूच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकांसारखे दिसू शकतात. गुरू आकाशात कुठे आहे, ते त्या त्या वर्षी पाहून घ्यावे. शनीची कडी मात्र द्विनेत्रीतून दिसत नाहीत. त्यासाठी किमान पंचवीस-तीस पटींची स्थिर दुर्बीण लागते.

आणखी एक गोष्ट परगावच्या पुस्तकांत सहसा नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. गोव्यात भिंगांचा खरा शत्रू बुरशी आहे. माझी पहिली द्विनेत्री मी जूनमध्ये तिच्या चामडी पाकिटात घालून कपाटात ठेवली होती. गणेशचतुर्थीनंतर काढून दिव्यासमोर धरली, तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे, फांद्या फुटलेले तंतू पसरलेले होते. ते आतल्या बाजूला असल्यामुळे पुसताही येईनात. तेव्हापासून मी चामडी पाकीट वापरत नाही. रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला मोठा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवाव्यात आणि द्विनेत्री उघडीच आत ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन तृप्त झाले असे समजावे आणि मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्यावेत. रात्री दंवाने भिंग ओले झाले, तर लगेच डब्यात बंद करू नये. आधी घरात पूर्ण वाळू द्यावे. समुद्रावरून आल्यावर भिंग कधीही कोरड्या कापडाने घासू नये, कारण खाऱ्या वाऱ्यासोबत आलेले वाळूचे आणि मिठाचे कण त्यावर ओरखडे काढतात. आधी रबरी फुंकणीने ते उडवावेत.

आणि सूर्याकडे द्विनेत्री क्षणभरही रोखू नये. मुलांच्या हाती ती देताना हे मी प्रत्येक वेळी सांगतो, दहाव्यांदा असले तरी सांगतो.

म्हापशाचा संगणकवाला

वरच्या दोघांचे बरोबर आहे, पण आजच्या मुलीला फोनपासून दूर ठेवून आकाश शिकवण्याचा हट्ट कशासाठी, हे मला कळत नाही. स्टेलारियम हे संगणकावरचे तारांगण मोफत मिळते. त्यात आपल्या गावाचा अक्षांश-रेखांश भरला की कोणत्याही तारखेचे आकाश दिसते आणि पुढच्या महिन्यात गुरू कुठे असेल, हेही कळते. फोन आकाशाकडे धरला की समोरच्या ताऱ्याचे नाव सांगणारी ॲपही आहेत. कुळागरातून क्षितिज दिसत नसल्यामुळे दिशा ओळखायला त्यांचा उपयोग अधिकच होईल.

डिचोलीचा मास्तर

हट्ट नाही. माझा आक्षेप फक्त क्रमावर आहे. काळोखात बाहुली काही क्षणांत उघडते, परंतु डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी पुरत्या तयार व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. फोनच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिले की ती सारी तयारी वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून बसावे लागते. म्हणून आधी पाहावे, ओळखण्याचा प्रयत्न करावा, वहीत आकृती काढावी आणि घरात आल्यावर संगणकावर ताडून पाहावे. अंगणात उजेड लागलाच, तर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी बांधावा. मंद लाल उजेडाने डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. तुळशीजवळचा आणि बाहेरचा विजेचा दिवा तेवढा वेळ मालवायला घरच्यांना राजी करणे, हे मात्र ॲपच्या हातचे नाही.

काणकोणचा गलबत्या

फोंड्याच्या ताईंना माथ्यावरचे आकाश मिळाले आहे, हे खरे. पण गोव्यात राहून दक्षिणेचे आकाश न पाहणे म्हणजे घरची चिकूची झाडे सोडून बाजारातून चिकू आणण्यासारखे आहे. दिल्लीकरांना जे तारे क्षितिजाला घासत जाताना दिसतात किंवा दिसतच नाहीत, ते आपल्याला बऱ्यापैकी उंचावर मिळतात. त्यासाठी महिन्यातून एखादी रात्र घराबाहेर पडावे, एवढेच माझे सांगणे आहे.

पहिला मान अगस्त्याचा. रात्रीच्या आकाशातला तो व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. मृगाच्या बाणाची रेघ खाली वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध सापडतो, आणि व्याधाच्या खाली साडेतीन मुठींवर, क्षितिजाच्या दोन मुठी वर, पांढरा शांत अगस्त्य असतो. तो दिसू लागला की पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळते, अशी जुनी समजूत आहे. त्याचे पहिले दर्शन पावसाळ्याच्या उत्तरार्धात पहाटे होते, पण आपल्याकडे ते ढगांमुळे बहुतेक वेळा हुकते.

दुसरा त्रिशंकू. विश्वामित्राने उलटा टांगलेला हा राजा चार ताऱ्यांच्या लहान क्रुसाच्या रूपात एप्रिलच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला उभा असतो. त्याचा खालचा तारा क्षितिजाच्या अकरा अंश वर आणि वरचा सतरा अंश वर असतो. म्हणजे समोर टेकडी नको, झाडे नकोत आणि समुद्रावरचे धुरकट बाष्पही फार नको. थोडा वेळ थांबले की त्याच्या डाव्या हाताला मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे वर येतात. मित्र हा आपल्याला सूर्यानंतर सर्वांत जवळचा, सव्वाचार प्रकाशवर्षांहून किंचित दूरचा, तारकासमुदाय आहे. हे दोघे शेजारी नसतील, तर तुम्ही खोटा त्रिशंकू पाहत आहात असे समजा. तो थोडा पश्चिमेकडे असतो, आकाराने मोठा असतो आणि तेजाने मंद असतो. मी पहिली दोन वर्षे त्यालाच खरा समजून पाहुण्यांना दाखवत होतो. द्विनेत्री असेल, तर त्याच रात्री नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ शोधा. क्षितिजापासून पावणेतीन मुठींवर तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो, आणि त्या बोळ्यात सुमारे एक कोटी तारे आहेत.

जागेविषयी. दोना पावलाहून दक्षिणेला पाहावे, तर समोर मुरगाव बंदराचे दिवे असतात; पणजीत मांडवीतली कॅसिनोंची जहाजे आहेत. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्यास्तानंतरचा शुक्र आणि बुध पाहायला तो उत्तम, पण दक्षिणेला बहुधा डोंगराचे टोक आडवे येते. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, म्हणून तिथे टॉर्च किंवा फोन घेऊन रात्री वावरू नये. माझी पसंती सत्तरी, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतल्या सड्यांना आणि कापणी झालेल्या शेतांना आहे. जागा दिवसा पाहून ठेवावी, मालकाला विचारावे, अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नये आणि पायांत बंद बूट घालावेत. कातळावर रात्री सापही उबेला येतात. तुमच्या मुलीचे आजोळ वाळपईच्या पलीकडे आहे ना? मग एवढी शोधाशोध तरी कशाला? एखाद्या अमावास्येला सरळ आजोळीच जावे.

मोठ्या दुर्बिणीतून एकदा शनी पाहण्याची हौस असेल, तर पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही हौशी निरीक्षकांची संस्था १९८०च्या दशकापासून काम करत आली आहे. त्यांचे कार्यक्रम कुठे आणि कधी आहेत, याची आधी चौकशी करून जावे. विकत घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

दिवसाचा एक प्रयोगही सांगून ठेवतो. सूर्य गोव्यात वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो. ऑगस्टमधला दिवस पावसात जातो, पण मे महिन्याच्या २-३ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात उभ्या ठेवलेल्या तांब्याची सावली त्याच्याच बुडाखाली नाहीशी होते. त्यासाठी क्षितिज लागत नाही आणि दुर्बीणही लागत नाही.

कुळागरवासी (फोंडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. दुर्बिणीची मागणी रद्द केली. त्याऐवजी माझ्या भावाकडे पडून असलेली ७ गुणिले ५० ची जुनी द्विनेत्री आणली. दिव्यासमोर धरून पाहिली, बुरशी नाही. चकल्यांचा मोठा डबा आता तिच्या नावे झाला आहे.

अमावास्येनंतरचे पाच दिवस आम्ही अंगणात चटई टाकून बसलो. बाहेरचा दिवा मालवण्यावरून पहिल्या रात्री थोडी कुरबुर झाली, पण दुसऱ्या रात्री सासूबाई स्वतःच खुर्ची घेऊन बाहेर आल्या. कृत्तिका मला सहा मोजता आल्या, मुलीला सात आणि सासूबाईंना एक ढगाचा तुकडा. द्विनेत्री डोळ्यांना लावल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, ‘इतकी वर्षे नाव घेत आले, तोंड आज पाहिले.’ मृगाचे तीन तारे अकराच्या सुमारास दोन माडांच्या झावळ्यांमधून दिसले. देवयानी काही सापडली नाही.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे मुलीने वही केली आहे. पूर्वेकडच्या एका उंच पोफळीच्या शेंड्यामागून रोहिणी बाहेर पडण्याची वेळ ती टिपते. पहिल्या रात्री ९ वाजून ४२ मिनिटे झाली होती. मधल्या तीन रात्रींपैकी दोनदा ढग आले आणि एकदा ती झोपली. पाचव्या रात्री ९ वाजून २६ मिनिटे झाली. चार दिवसांत सोळा मिनिटे, म्हणजे रोज चार, हे तिने स्वतः भागून मला दाखवले. आता तिचा नवा प्रश्न असा आहे की पोफळ दरवर्षी उंच होते, मग पुढच्या वर्षी याच तारखेला रोहिणी उशिरा बाहेर पडेल का, आणि तसे झाले तर चूक कोणाची धरायची?

डिचोलीचा मास्तर

रोहिणी उशिराच बाहेर पडेल आणि चूक पोफळीची धरायची. तिला सांगा की हा प्रश्न फार चांगला आहे आणि निरीक्षण करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी सोडवावा लागतो: मोजायचे ते बदलते आहे, तर ज्याने मोजायचे ते तरी स्थिर हवे. पोफळीऐवजी घराच्या कौलारू छपराचा कोपरा धरा. डोकेही दर वेळी एकाच जागी आले पाहिजे, नाहीतर दोन वीत सरकून बसल्यानेही मिनिटांचा फरक पडेल. खुर्चीच्या चारही पायांभोवती अंगणात खडूने खुणा करून ठेवा, आणि सकाळी अंगण सारवणाऱ्या माणसाला त्या पुसू नयेत म्हणून आधी सांगून ठेवा.

देवयानीसाठी शर्मिष्ठेकडे पाहा. पाच ताऱ्यांच्या त्या आकृतीत दोन टोके आहेत. त्यांतले अधिक टोकदार टोक बाणासारखे माथ्याच्या दिशेने रोखलेले आहे, असे समजून दीड मूठ वर जा. चंद्र आता मोठा होत चालला आहे, तेव्हा पौर्णिमा उलटून आठवडा होईपर्यंत ती सापडली नाही, तर वाईट वाटून घेऊ नका.